पाठभेदांचे यंत्र आणि आज्ञांचे पाठांतर

संगणकशास्त्राच्या विभागात गिट शिकवले जाते आणि मराठीच्या विभागात पाठचिकित्सा शिकवली जाते. पुष्कळ महाविद्यालयांत हे दोन्ही विभाग एकाच इमारतीत असतात. आपण बऱ्याच अंशी एकच विद्या शिकवतो आहोत, याची जाणीव मात्र दोघांनाही नसते. संगणकवाल्यांना पाठचिकित्सा ही जुन्या पोथ्यांवरची धूळ झटकण्याची हौस वाटते. मराठीवाल्यांना गिट ही प्रोग्रामरांची अवजारपेटी वाटते. प्रस्तुत लेखाचा वाद या दोघांशीही आहे. विकेंद्रित आवृत्ती-नियंत्रण, म्हणजेच डिस्ट्रिब्युटेड व्हर्जन कंट्रोल, ही मुळात संहितेचा इतिहास लिहिण्याची आणि तो सर्वांच्या हाती ठेवण्याची पद्धत आहे. ती चार-पाच आज्ञांचे पाठांतर म्हणून शिकवली जाते तेव्हा इतिहास कोरा राहतो आणि अधिकार पुन्हा केंद्राकडे जातो, असे आमचे म्हणणे आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. सॉफ्टवेअरचा प्रकल्प म्हणजे अखेर मजकुराच्या फाइलींचा संच. त्या मजकुरात कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवणारी व्यवस्था म्हणजे आवृत्ती-नियंत्रण. १९७२ साली बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी अशी पहिली महत्त्वाची व्यवस्था रचली. १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांची आरसीएस आली. तीत एकाने फाइल दुरुस्तीला घेतली की ती दुसऱ्यासाठी कुलूपबंद होई. पुढच्या सीव्हीएस आणि २००० साली सुरू झालेल्या सबव्हर्जनने अनेकांना एकाच वेळी काम करण्याची मुभा दिली. पण इतिहास राहिला तो एका सर्व्हरवर. काम करणाऱ्याच्या हाती केवळ आजची पाने येत. कालचे पान पाहायचे किंवा आजचा बदल नोंदवायचा तर सर्व्हरच्या दारी जावे लागे. पोथी संस्थानच्या कपाटात आणि किल्ली व्यवस्थापकांकडे, असाच हा प्रकार होता.

विकेंद्रित पद्धतीने हे कपाटच मोडीत काढले. प्रकल्पाची प्रत घेणाऱ्याला केवळ शेवटची संहिता मिळत नाही, तर पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास मिळतो. प्रत्येक प्रत तिच्या परीने पूर्ण असते. नोंद करण्यासाठी परवानगी लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. जेथे वीज आणि जोडणी यांपैकी एकच गोष्ट एका वेळी मिळते अशा तालुक्याच्या गावातही विद्यार्थी आपल्या यंत्रावर दिवसभराच्या दहा नोंदी करू शकतो आणि जोडणी आली की इतरांना देऊ शकतो.

या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध अवतार एका भांडणातून जन्मला, हे विसरता कामा नये. लिनक्सच्या गाभ्याचे काम २००२ पासून बिटकीपर नावाच्या खाजगी मालकीच्या साधनावर चाले. मालक कंपनीने ते काही अटींवर फुकट वापरू दिले होते. २००५ साली वाद झाला आणि ही सवलत काढून घेण्यात आली. लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गिट लिहावयास घेतले आणि काही दिवसांतच गिट स्वतःच्याच बदलांची नोंद ठेवू लागले. त्याच महिन्यात मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरिअल जाहीर केले. डार्क्स आणि मोनोटोन ही विकेंद्रित साधने त्याआधीच आलेली होती. तात्पर्य, कल्पना एकट्याची नव्हती; परंतु तिला जो वेग आला तो दुसऱ्याच्या मेहेरबानीवर आपला इतिहास अवलंबून असल्याच्या अनुभवातून आला.

आता पाठचिकित्सेकडे वळू. गिटमधील एका नोंदीला कमिट म्हणतात. तिच्यात त्या क्षणीची संपूर्ण संहिता, तिच्या आधीच्या नोंदीचा निर्देश, बदलाचा कर्ता, नोंद करणारा, दोन्हींच्या वेळा आणि एक निवेदन असते. कर्ता आणि नोंद करणारा ही दोन नावे वेगळी ठेवली आहेत, हे आपल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावे. ज्याने रचना केली तो एक आणि ज्याने ती प्रतीत उतरवली तो दुसरा, हा कवी आणि लेखनिक यांच्यातला भेद आहे. आपल्या हस्तलिखितांच्या शेवटी येणाऱ्या पुष्पिकेत लेखनिकाचे नाव, तिथी, स्थळ असते. कमिट म्हणजे अशी पुष्पिका. फक्त ती ग्रंथाच्या शेवटी एकदाच न येता प्रत्येक बदलाला जोडलेली असते.

साम्य येथेच संपत नाही. दोघांनी एकाच प्रतीवरून निघून वेगवेगळे बदल केले की गिट त्या दोन प्रती आणि त्यांची समान पूर्वज प्रत अशा तिन्हींची तुलना करते. एका बाजूनेच बदल झाला असेल तर तो स्वीकारते. दोघांनी एकाच जागी वेगवेगळे लिहिले असेल तर थांबते, दोन्ही पाठ समोरासमोर मांडते आणि निर्णय माणसावर सोपवते. दोन पोथ्यांवरून त्यांच्या मूळ आदर्श प्रतीचा अंदाज बांधणारा संपादक याहून वेगळे काय करतो?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. त्यासाठी १२०० हून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली. आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत विष्णु सीताराम सुकथनकरांनी या कामातली मुख्य अडचण मांडली आहे. लेखनिक एकाच पोथीवरून नक्कल करीत नसत. दुसऱ्या शाखेतील पोथी हाती आली की तिच्यातले पाठ ते आपल्या प्रतीत घेत. त्यामुळे पोथ्यांचा स्वच्छ वंशवृक्ष काढणे अशक्य होऊन बसते, कारण फांद्या पुन्हा एकमेकींत मिसळलेल्या असतात. गिटच्या इतिहासातही फांद्या मिसळतात, पण मिसळल्याची नोंद राहते. त्या नोंदीला एकाऐवजी दोन पूर्वज असतात आणि दोन्हींची नावे तिच्यात लिहिलेली असतात. सुकथनकरांना अनुमानाने शोधावा लागलेला पाठसंकर येथे उघड लिहिलेला सापडतो.

आता पहिला वाद. हे सगळे असताना वर्गात शिकवले काय जाते? तीन आज्ञा: फाइली जमा करा, नोंद करा, वर पाठवा. विद्यार्थी त्या स्तोत्रासारख्या पाठ करतो. सारे सुरळीत असते तोवर स्तोत्र फळते. दोन पाठ समोरासमोर आले की विद्यार्थी घाबरतो, आपल्या फाइली बाजूला नक्कल करून ठेवतो, प्रकल्पाचे फोल्डर पुसतो आणि नवी प्रत उतरवून घेतो. रँडल मन्रो यांच्या एक्सकेसीडी या व्यंगचित्रमालिकेत २०१५ साली नेमकी हीच गंमत आली आणि ती जगभरच्या प्रोग्रामरांना पटली. पण ही गंमत शिक्षकाला लाज वाटावी अशी आहे. कारण विद्यार्थ्याने जे पुसले तोच खरा अभ्यासाचा क्षण होता. दोन माणसांनी एकाच ओळीविषयी वेगळा विचार का केला, हे समजून घेण्याची संधी तेथे होती.

साधन अवघड आहे, आज्ञांची नावे विसंगत आहेत, ही तक्रार खोटी नाही. परंतु अवघड आज्ञा आणि सोपी कल्पना अशी जोडी समोर असेल तर आधी काय शिकवावे? नोंद, पूर्वज, शाखा आणि संगम या चार कल्पना फळ्यावर खडूने अर्ध्या तासात काढून दाखवता येतात. त्या कळल्या की आज्ञा संदर्भग्रंथात पाहता येतात. स्कॉट चॅकन आणि बेन स्ट्रॉब यांचे 'प्रो गिट' हे पुस्तक त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे. त्या न कळता आज्ञा पाठ केल्या तर विद्यार्थी अर्थ न कळता पाठ म्हणणाऱ्या पोपटासारखाच राहतो.

याचे दृश्य फळ प्रकल्पांच्या इतिहासात दिसते. सहा महिन्यांचे काम आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्रीची एकच नोंद. किंवा नोंदी असतात, पण त्यांची निवेदने 'बदल', 'फायनल', 'फायनल दोन', 'आता नक्की फायनल' अशी. बदल झाला हे यंत्राला ठाऊकच असते. कोणत्या ओळी गेल्या आणि कोणत्या आल्या हे ते अक्षरशः दाखवते. त्याला सांगता येत नाही ते एकच, बदल का केला. निवेदनाची जागा त्या एका प्रश्नासाठी राखलेली आहे. ती कोरी ठेवणे म्हणजे उरलेल्या सगळ्या नोंदीचे मोल निम्म्यावर आणणे होय.

गिटमध्ये एखादी ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेचे नाव आहे 'ब्लेम', म्हणजे दोष द्या. सबव्हर्जनमध्ये त्याच आज्ञेला 'प्रेझ', म्हणजे स्तुती करा, असेही पर्यायी नाव आहे. आपल्या पोथ्यांचे लेखनिक पुष्पिकेत, जसे पाहिले तसे लिहिले, मला दोष देऊ नये, अशा आशयाची विनवणी करीत. या विनवणीला आज उत्तर आहे: कारण लिहून ठेवा, दोष कोणी देणार नाही. लिनक्सच्या गिटमधील अगदी पहिली नोंद याचा दाखला आहे. ती एप्रिल २००५ ची आहे आणि तीत टोरवाल्ड्स यांनी जुना सगळा इतिहास आपण सध्या का आणत नाही याचे कारण सांगितले आहे. इतिहास सोडून देतानाही सोडल्याचे कारण नोंदवावे, हा संस्कार एवढ्या एका नोंदीतून शिकवता येतो.

येथे मराठीचे अध्यापक म्हणतील की हे सर्व ठीक आहे, पण आमचा संबंध काय? हा आमचा दुसरा वाद. कारण सांगणारे नेमके, तटस्थ, चार ओळींचे गद्य लिहायला शिकवणे हे काम भाषेच्या अध्यापकाचे नसेल तर कोणाचे आहे? शिवाय संबंध केवळ उपमेचा नाही. मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण ज्या फाइलींतून होते त्या या पद्धतीनेच सांभाळल्या जातात, आणि तेथे भाषेचे जाणकार कमी पडतात. या अनुवाद-फाइलींच्या शिरोभागी शेवटच्या अनुवादकाचे नाव लिहिण्याची जागा असते. आधीच्यांची नावे केवळ इतिहासात उरतात. समजा, एकाने 'फाइल' या शब्दाच्या जागी 'संचिका' घातला. दुसऱ्याने वर्षाने तो काढून पुन्हा 'फाइल' केला. तिसऱ्याने 'धारिका' आणला. तिघांपैकी कोणीच कारण लिहिले नसेल तर चौथा काय करील? पाचवा शब्द आणील. परिभाषेचा वाद मराठीत शतकाहून जुना आहे; पण वाद चालू राहणे आणि तोच वाद दरवर्षी पहिल्यापासून सुरू होणे यांत फरक आहे. पहिल्यातून परंपरा तयार होते, दुसऱ्यातून नुसता थकवा येतो.

आपल्याकडे याचे एक थोर उदाहरण आहे. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत पुढच्या तीन शतकांत पाठांची सरमिसळ झाली आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या कामाबद्दल मराठी भाषा त्यांची कायमची ऋणी आहे. परंतु आपल्या हाती आला तो शोधनाचा निष्कर्ष. कोणत्या ओळीपाशी कोणते पाठ समोर होते आणि त्यांतला एक का निवडला, ही टिपणे आली नाहीत. एकनाथांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. ते त्यांच्या काळाचे साधन नव्हते. आपल्या काळात मात्र ते साधन फुकट मिळते, आणि आपण ते 'तांत्रिक' म्हणून शेजारच्या विभागाकडे सरकवतो.

तिसरा वाद सर्वांत गंभीर आहे. गिट म्हणजे गिटहब, असे आज बहुतेक विद्यार्थ्यांना वाटते आणि बहुतेक शिक्षक तो समज तसाच राहू देतात. गिट ही पद्धत आहे. गिटहब हे २००८ साली सुरू झालेले आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ७५० कोटी डॉलरना घेतलेले एका कंपनीचे संकेतस्थळ आहे. एका खाजगी मालकाच्या मर्जीतून सुटण्यासाठी जे साधन निर्माण झाले, त्याच्या बळावर जगातल्या प्रकल्पांनी पुन्हा एका खाजगी मालकाचे अंगण गाठावे, यातली विसंगती वर्गात सांगायला नको काय? २०१९ साली अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रायमियातील वापरकर्त्यांना आपल्याच खाजगी प्रकल्पांची दारे बंद झालेली आढळली. इराणसाठी ती २०२१ मध्ये उघडली. गूगल कोड २०१६ च्या आरंभी बंद झाले. बिटबकेट हे स्थळ २००८ मध्ये मर्क्युरिअलसाठी निघाले आणि २०२० मध्ये त्याने मर्क्युरिअललाच निरोप दिला. ज्यांच्या यंत्रावर पूर्ण प्रत होती त्यांचा संहितेचा इतिहास वाचला. पण त्या प्रतीत संकेतस्थळावरच्या चर्चा, तक्रारी, बदलांवरची मतमतांतरे येत नाहीत; ती मालकाकडेच राहतात. म्हणून निर्णयाचे कारण नोंदीच्या निवेदनात लिहावे, या आग्रहाला दुहेरी अर्थ येतो. निवेदन प्रतीबरोबर प्रवास करते.

या सगळ्यात काय पणाला लागलेले असते, हे मार्च २०२४ मध्ये दिसले. एक्सझेड हे माहिती दाबून लहान करणारे छोटे सॉफ्टवेअर लिनक्सच्या असंख्य यंत्रांत असते. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ निमूट काम करून त्याच्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला आणि मग त्यात यंत्रांचा ताबा मिळवून देणारे चोरदार बसवले. त्याचा मुख्य भाग चाचणीसाठीच्या, माणसाला वाचता न येणाऱ्या फाइलींत दडवलेला होता. तो जागा करणारी कळ तर सार्वजनिक इतिहासात नव्हतीच. ती प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले म्हणून ते उघडकीस आले. पाठचिकित्सेच्या भाषेत याला प्रक्षेप म्हणतात. प्रकाशित प्रत आणि तिचा नोंदलेला इतिहास ताडून पाहण्याची सवय, तसेच न वाचता येणाऱ्या मजकुराविषयीचा संशय, ही संपादकाची जुनी शिस्त आहे. ती या जगात किती मोलाची आहे, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

आक्षेपही पाहिले पाहिजेत. पहिला असा की साहित्यवाले सर्वत्र आपलीच रूपके शोधतात. साम्य आम्ही ताणतो आहोत काय? एक मर्यादा खरी आहे: गिटला अर्थ कळत नाही. एकाने एखाद्या सूत्राचा अर्थ बदलला आणि दुसऱ्याने दुसऱ्या फाइलीत ते सूत्र जुन्या अर्थाने वापरले, तर यंत्र दोन्ही बदल बिनतक्रार एकत्र करील आणि प्रकल्प मोडेल. शब्दांचा मेळ यंत्र घालते, अर्थाचा मेळ वाचकाला घालावा लागतो. ही मर्यादा आमच्याच बाजूची आहे. ती वाचकाची गरज सिद्ध करते.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. गिटमध्ये इतिहास बदलताही येतो. नोंदी पुसून, जुळवून, क्रम लावून नवा सुबक इतिहास रचता येतो. मग त्याला इतिहास कसे म्हणावे? रिचर्ड हिप यांनी एसक्यूलाइटसाठी रचलेल्या फॉसिल या विकेंद्रित साधनात ही सोय तत्त्व म्हणूनच ठेवलेली नाही. आमचे मत मधले आहे. लेखकाला आपला कच्चा खर्डा फाडण्याचा अधिकार आहे. मात्र जी प्रत दुसऱ्याच्या हाती गेली ती मागून बदलण्याचा नाही. विकेंद्रित पद्धतीत असा बदल लपतही नाही, कारण प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या आशयावरून आणि पूर्वजावरून काढलेल्या संख्येने ठरते. जुनी एक नोंद बदलली की तिच्या पुढच्या सगळ्यांची ओळख बदलते आणि इतरांच्या प्रतींशी विसंगती लगेच दिसते. अनेकांकडे पूर्ण प्रती असणे हेच इतिहासाचे खरे संरक्षण आहे.

तेव्हा करावे काय? संगणक विभागाने पहिल्या तासाला संगणक बंद ठेवून नोंदींचा आलेख काढायला शिकवावे, प्रकल्पाच्या गुणांत इतिहासाला वाटा द्यावा आणि तो वाचायला भाषेच्या अध्यापकाला बोलवावे. मराठी विभागाने संपादन आणि अनुवाद यांच्या अभ्यासक्रमात एक मुक्त मराठीकरणाचा प्रकल्प घ्यावा. त्यासाठी वर्डच्या फाइली आणि जुने बिनयुनिकोड टंक सोडावे लागतील, कारण त्यांतले बदल यंत्राला वाचता येण्यासारखे दाखवता येत नाहीत. साधा युनिकोड मजकूर, एका ओळीत एक वाक्य आणि ओळीऐवजी शब्दांची तुलना दाखवणारा पर्याय, एवढ्याने काम भागते. गिट देवनागरी नावाच्या फाइलींची नावे आपणहून आकड्यांच्या संकेतांत दाखवते. एक सेटिंग बदलले की तीही नीट दिसतात. आणि निवेदने मराठीत लिहावीत. यंत्राची त्याला हरकत नाही. हरकत आपल्याच मनात आहे.

एवढे केले तर विद्यार्थ्याला आज्ञा कमी पाठ होतील, हे मान्य. पण पाच वर्षांनी दुसऱ्याने त्याचा प्रकल्प उघडला, तर समोरची ओळ तशी का आहे, हे त्याला विचारायला माणूस शोधावा लागणार नाही.